दोष आढळला नाही

घरातले दिवे, पंखे, पडदे, एसी हे सगळं भिंतीवरच्या एका पाटीवरून चालवायची सोय करून देणं, हा माझा नोकरीतल्या शेवटच्या सोळा वर्षांचा धंदा. वर्ध्यात राहून मी हे करत होतो असं सांगितलं की लोक अजून हसतात. आमच्याच मोहल्ल्यातले एक गृहस्थ म्हणायचे, इथं लाइट राहत नाही दोन-दोन तास आणि तुम्ही बोट लावून लाइट लावायला शिकवता. त्यांना काय सांगणार? कंपनी नागपूरची होती, जिल्हा माझ्याकडे होता, आणि पैसा आला की माणसाला घर हुशार व्हावंसं वाटतं. तो पैसा सोयाबीनचा असो की अमेरिकेतल्या पोराचा.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या घरात बटणापासून निघालेली वायर दिव्यापर्यंत जाते. बटण दाबलं, वीज गेली, दिवा लागला. मी आयटीआयमधून वायरमन होऊन निघालो तेव्हा जग एवढंच होतं. आमच्या नव्या पद्धतीत भिंतीवरचं बटण फक्त निरोप देतं. तो निरोप माळ्यावर किंवा कोठीत बसवलेल्या एका पेटीकडे जातो, आणि पेटी ठरवते की कोणता दिवा लावायचा. म्हणून एकाच बटणावर चार दिवे विझवता येतात, पडदे ओढता येतात, आणि मालक लंडनात बसून सेलूच्या घरातला पंखा बंद करू शकतो. आधी या निरोपासाठी फुगीर बटणांच्या पाट्या असत. मग काच आली. गुळगुळीत, काळी, बोट जवळ नेलं की उजळणारी. जुन्या पाट्या काढा आणि काचा बसवा, हेच माझ्या शेवटच्या पाच-सहा वर्षांतलं मुख्य काम होतं.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. सेलूच्या एका अडत्यानं बसवलेल्या काचेवरचं प्लास्टिक तीन वर्षं काढू दिलं नाही, खराब होईल म्हणून. तळेगावात तर मला भूत उतरवायला बोलावलं होतं. श्यामजी पंताच्या तळेगावात. त्या घरातला बैठकीचा दिवा आपोआप लागे, विझे, मध्येच पडदा सरके. घरातले आजोबा नुकतेच गेले होते, त्यामुळे सगळ्यांची खात्री पटलेली. मी दोन तास पेटी उघडून बसलो. काही सापडेना. शेवटी संध्याकाळी चहा पिता पिता पाहिलं, तर ट्यूबलाइटमागून एक पाल निघाली, किडे टिपत टिपत काचेवरून चालत गेली, आणि दिवा, पंखा, पडदा असं क्रमानं सगळं चालवून दुसऱ्या बाजूनं उतरली. घरातली मोठी सून हसली नाही. मला म्हणाली, पाल निघाली ते बरंच झालं, पण बाबा असते तरी चाललं असतं.

प्रत्येक भेटीनंतर एक कागद भरून कंपनीला द्यावा लागे. त्यावर चार चौकोन होते. बिघाड दुरुस्त केला, भाग बदलला, पुन्हा यावं लागेल, आणि दोष आढळला नाही. चौथ्या चौकोनात खूण केली की कारागिराची चूक नाही असं ठरे. मला त्या चौकोनाचा अभिमान होता. माझ्या कामात दोष निघत नाही, असा त्याचा मी अर्थ लावत होतो. पारबताबाईंच्या घरच्या नऊ कागदांवर मी तीच खूण केली आहे. त्या नऊ कागदांची हकिकत लिहावी असं फार दिवस मनात होतं.

अल्लीपूरच्या पारबताबाई. वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे. नवरा तरुणपणी गेलेला. दुसऱ्याच्या शेतात निंदण, खुरपण आणि कापूस वेचून त्यांनी एकुलत्या एका मुलाला, प्रभाकरला शिकवलं. प्रभाकरसाहेब सरकारात मोठे अधिकारी झाले, पुण्याला स्थिरावले. गावातल्या जुन्या जागेवर त्यांनी आईसाठी घर बांधलं. बांधलं म्हणजे कसं, तर आईनं आयुष्यात जे जे कष्ट केले ते ते त्या घरात करावे लागू नयेत, असं. पाणी भरायला उठायचं नाही, दिव्यासाठी चालायचं नाही, पंखा खाटेवरून लागला पाहिजे. मी पहिल्यांदा बटणांच्या पाट्या बसवल्या तेव्हा साहेब सुटी काढून आले होते. स्वतः शिडी धरून उभे राहिले.

पारबताबाईंना वाचता येत नव्हतं. पाटीवर मी चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा त्यांना उपयोग नव्हता. पुढच्या वेळी गेलो तेव्हा पाहिलं, त्यांनी दिव्याच्या बटणावर डिंकानं तुरीचा दाणा चिकटवला होता, पंख्याच्या बटणावर सरकी, पडद्याच्या बटणावर ज्वारी. बोटानं चाचपायचं आणि दाबायचं. मी म्हटलं, मावशी, हे तं आमच्या इंजिनिअरलेही सुचलं नसतं. त्या लाजल्या. त्यांना मी मावशी म्हणू लागलो होतो आणि त्या मला वसंता. आठ वर्षं त्या घरातून एक तक्रार आली नाही.

मग साहेबांनी घर नवीन करायला काढलं. जुन्या पाट्या पिवळ्या पडल्या होत्या, कंपनीनं त्या बनवणंही बंद केलं होतं, आणि पुण्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये काच लागली होती. आईच्या घरी आपल्यापेक्षा कमी काही असू नये, असं त्यांना वाटलं. त्यात काही चूक होती असं मला आजही म्हणवत नाही. मी पाट्या काढल्या. दाणे खरवडून केरात टाकले. सहा खोल्यांत सहा काचा बसवल्या. काचेवर अक्षरांऐवजी चित्रं आणली, दिव्याचं, पंख्याचं, थंड हवेसाठी बर्फाच्या चांदणीचं. एसीचे रिमोट आता लागणार नाहीत म्हणून साहेबांनी सांगितल्याप्रमाणे एका डब्यात भरून कपाटाच्या वर ठेवले. सगळं कसं चालतं ते पारबताबाईंना मी स्वतःच्या बोटानं करून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. कागदावर अंगठा दिला.

पंधरा दिवसांनी पहिली तक्रार आली. काच चालत नाही. मी मोटरसायकलनं गेलो, बोट लावलं, दिवा लागला. सहाही खोल्या तपासल्या. सगळं व्यवस्थित. खूण केली, दोष आढळला नाही. मावशींनी चहा केला, भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला. जेवल्याबिगर जायचं नाही म्हणाल्या.

मग हे सुरूच झालं. दर दोन-तीन आठवड्यांनी तक्रार. मी जायचो, बोट लावायचो, चालायचं. मावशी बाजूला उभ्या राहून पाहायच्या आणि त्यांचा चेहरा पडायचा. माझ्या मनात हळूहळू दुसरंच बसू लागलं. एवढं मोठं घर, एकटी बाई, कामाला येणारी बाई सकाळी तासभर येणार आणि जाणार. माणूस यावं म्हणून ही बाई तक्रार करते. मला त्याचा रागही येत नव्हता. खरं सांगायचं तर मला तिथं जायला आवडू लागलं होतं. माझी आई मी आयटीआयला असतानाच गेली. तिचा आवाज आता मला नीट आठवत नाही. मावशी मला वेचणीच्या गोष्टी सांगत. थंडीत दहिवरानं ओला झालेला कापूस वेचला की मालक वजनाला कसा कटकट करी, बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडा कशा फाटत, आणि मग रात्री बोटांना एरंडाचं तेल लावून कसं झोपायचं. मी ऐकत बसायचो. कागद भरायचो आणि निघायचो. परत येताना मन भरलेलं असायचं.

पाचव्या की सहाव्या भेटीत त्या एक गोष्ट बोलल्या. भांडे घासून आली का काच चालते, म्हणाल्या, हात ओला असला का लागते. मी त्यांना रागावलो. मावशी, ओल्या हातानं विजेच्या वस्तूला बोट लावायचं नाही, कधी म्हणजे कधी नाही. वायरमनचा पहिला धडाच तो. त्यांनी बोटं पदराला पुसली. इतक्या स्पष्ट शब्दांत गिऱ्हाइकानं मला बिघाडाचं कारण क्वचितच सांगितलं असेल, आणि मी ते सुरक्षेचा उपदेश करून झटकून टाकलं.

नवव्या भेटीनंतर मी साहेबांना फोन केला. चांगल्या हेतूनंच केला. काचेला काही झालेलं नाही, म्हटलं. आई एकट्या आहेत, त्यांना बोलायला माणूस लागतं, एवढंच. साहेबांनी माझे आभार मानले.

त्यानंतर तक्रार आली नाही. महिना गेला, दोन गेले. उन्हाळा चढला. आपल्याकडचा मे महिना काय असतो ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. एक दिवस हिंगणघाटचं काम उरकून मी परत निघालो होतो. अल्लीपूरच्या फाट्यावर आलो आणि गाडी वळवली. काम नव्हतं. मनाला मात्र सांगितलं की पाणी पिऊन निघू.

दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारली, उत्तर नाही. आत गेलो तर घर भट्टीसारखं तापलेलं. पंखा बंद, एसी बंद, पडदे सताड उघडे आणि पश्चिमेचं ऊन थेट खाटेवर. मावशी मागच्या न्हाणीघरात ओल्या फरशीवर पडलेल्या होत्या. डोक्यावर ओला टॉवेल, तोही वाळत आलेला. अंग तापलेलं. मला पाहून काहीतरी पुटपुटल्या, ते नीट कळलं नाही.

मी शेजारच्या सुमनबाईंना हाक मारली. दोघांनी त्यांना उचलून खोलीत आणलं. मी काचेला बोट लावलं. एसी सुरू झाला, पंखा सुरू झाला, पडदे मिटले. एका बोटानं, एका क्षणात. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. सुमनबाईंच्या मुलाची गाडी होती, तिच्यातून दवाखान्यात नेलं. ऊन लागलं होतं. दोन बाटल्या सलाइन चढलं. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून पुन्हा गेलो. मावशी खाटेवर बसल्या होत्या, थकलेल्या पण शुद्धीवर. सुमनबाई कैरीचं पन्हं घेऊन आल्या होत्या. मी विचारलं, मावशी, पंखा काऊन नाई लावला? त्या काचेकडे पाहू लागल्या. तेव्हा कुठं, एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, मी गिऱ्हाइकाला एक साधी गोष्ट सांगितली.

"मावशी, तुमी लावून दाखवा बरं."

त्या उठल्या. पदरानं बोट पुसलं आणि काचेवरच्या पंख्याच्या चित्रावर टेकवलं. काच उजळलीच नाही. दुसरं बोट लावलं. अंगठा लावला. जोरानं दाबलं, इतक्या जोरानं की बोटाचं टोक वाकलं. काही नाही. मी त्यांचा हात हातात घेतला. बोटांची टोकं शिंगासारखी कडक, गुळगुळीत. चिरा पडून, भरून, पुन्हा पडून त्यावर कातडीचे थर चढलेले. पन्नास वर्षांची वेचणी आणि खुरपं त्या टोकांवर जमून बसलं होतं.

काच कशी चालते ते मला माहीत होतं, कंपनीच्या शिबिरात आम्हाला शिकवलं होतं. आपल्या कातडीतल्या ओलाव्यातून अगदी बारीकशी वीज काचेला जाणवते, त्यावरून तिला कळतं की बोट लागलं. कातडी जाड आणि कोरडी असली तर तिला काहीच जाणवत नाही. पालीचा पाय तिला कळतो. पारबताबाईंचं बोट कळत नव्हतं. भांडी घासून आल्यावर कातडी भिजलेली असे, तेव्हा कळे. मावशींनी स्वतः शोधून काढलेलं कारण ते हेच होतं.

"मले वाटलं मलेच जमून नाई राह्यलं," त्या म्हणाल्या. "तू आला का लागे. शेजारच्या पोरी येत, त्यायच्यानं लागे. मंग म्या इचार केला, आपलाच हात फुटका."

मग तक्रार करणं बंद का केलं, हे मी विचारलं नाही, पण सुमनबाईंनी सांगितलं. प्रभाकरनं फोन केला होता. आई, त्या माणसाला उगाच बोलावत जाऊ नको, तुला करमत नसेल तर मला सांग, असं म्हणाला होता. मावशींना ते फार लागलं. आपण खोटं बोलतो असं पोराला वाटलं, याची लाज. तेव्हापासून त्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत जेवून घेत आणि दिवसा अंगणातल्या निंबाखाली बसत. मेमध्ये निंबाखालीही बसवेना, म्हणून न्हाणीघरात. ओल्या हातानं काचेला शिवायचं नाही, हे माझं सांगणंही त्यांनी पाळलं होतं.

साहेबांना फोन मीच केला. सगळं सांगितलं, माझी नऊ खुणांची चूकही सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "राशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधीच उमटला नाही हो. गावी आलो की मीच तिच्याबरोबर जाऊन दुसऱ्या कागदावर सही करायचो. ते मला माहीत होतं. आणि काच मीच बसवली."

त्यांनी मला रागवावं असं मला फार वाटत होतं. ते रागावले नाहीत.

कंपनीला कळवलं. त्यांनी काचेची संवेदनशीलता वाढवायला सांगितली. वाढवली, तर माशी बसली तरी दिवे लागू लागले आणि मावशींच्या बोटाला मात्र ती तशीच थंड. मग बोलून चालवायचा डबा पाठवला. मावशी त्याच्यापुढं बसून म्हणाल्या, पंखा लाव ना बाप्पा. डब्यानं इंग्रजीत माफी मागितली. त्या मला म्हणाल्या, हा काय म्हणते? म्हटलं, त्याले आपली बोली समजत नाई. म्हणाल्या, मंग त्याले कायले तरास देतं, ने वापस.

जुन्या फुगीर पाट्या आता कुठंच मिळत नव्हत्या. त्यांच्या घरच्या पाट्या मी भंगारात दिल्या होत्या. पण आमच्या पेटीला एक गुण आहे. निरोप काचेनंच द्यावा असं तिला काही नसतं. दोन वायरी क्षणभर एकमेकींना टेकल्या तरी तिला निरोप पोचतो. मी वर्ध्याच्या बाजारातून दारावरच्या घंटीची आठ बटणं घेतली, जुन्या पद्धतीची, गोल, वर आलेली, दाबली की खट्ट वाजणारी. सुताराकडून सागाची पाटी रंधून घेतली. आयटीआयला आम्ही असेच लाकडी बोर्ड करायचो. एका रविवारी जाऊन ती पाटी मावशींच्या खाटेशी त्यांच्या हाताच्या उंचीवर बसवली, अशीच दुसरी स्वयंपाकघरात. त्या चकचकीत काचेशेजारी ते लाकूड अगदी गावंढळ दिसत होतं. माझ्या वरिष्ठांनी फोटो पाहून तोंड वाकडं केलं. त्या पाटीइतकं चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही.

मावशींनी पहिलं बटण दाबलं. पंखा लागला. बंद केला, पुन्हा लावला. पडदा उघडला, मिटला. एसी. अंगणातला दिवा, भर दुपारी. लहान मुलासारखी सगळी बटणं त्यांनी दोन-तीनदा दाबली, आणि मग कोठीत गेल्या आणि डबे उघडून तुरीचा दाणा, सरकी, ज्वारी शोधू लागल्या. सरकी सापडेना. सुमनबाईंकडून आणली.

त्या दिवशी जेवायला वांग्याची भाजी आणि भाकर होती. कागदावर काय भरायचं ते मला सुचेना. चारपैकी एकही चौकोन खरा वाटेना. कागद कोराच ठेवला.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती शिबिरात शिकवत नाहीत. काम बिघडलेलं असलं की बोलावणं येतं. काम चोख झालं की त्या घरचं दार आपल्यासाठी बंद होतं. मावशींच्या घरून त्यानंतर तक्रार आली नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं. मी जिल्हाभर फिरत होतो, आर्वीकडे, समुद्रपूरकडे. अल्लीपूरच्या फाट्यावरून जाताना दर वेळी हात हँडलवर सैल व्हायचा. कारण काढून जावं, पण काय कारण सांगणार? वायरमननं उगाच दारात उभं राहिलेलं बरं दिसत नाही. कधी कधी तर मनात यायचं, एखादं बटण ढिलं बसवलं असतं तर. असा विचार कारागिरानं करू नये, पण केला. मग निवृत्तीही जवळ आली.

निवृत्तीला तीन आठवडे राहिले असताना पुण्याच्या नंबरवरून फोन आला. मावशी होत्या. उन्हाच्या त्या प्रकारानंतर साहेबांचं मन एकटीला ठेवायला तयार होईना. पावसाळा संपल्यावर ते येऊन आईला घेऊन गेले होते. अल्लीपूरचं घर कुलूपबंद होतं. मला हे काहीच माहीत नव्हतं.

सून चांगली आहे म्हणाल्या, नातवंडं चांगली आहेत. अकराव्या मजल्यावर घर आहे, खिडकीतून दुसऱ्या घराच्या खिडक्या दिसतात. मग विचारलं, "वसंता, तुह्या फोनवरून माह्या घरचा लाइट लागते का रे?"

लागतो, म्हटलं. देखभालीसाठी आमच्याकडे प्रत्येक घराची चावी असते, फोनमध्ये.

"मंग अंगणातला लावशील का? दिवेलागणीले. घर अंधारात असते आता. जल्म गेला, पण म्या संध्याकाळी घर अंधारात ठेवलं नाई. मेणबत्ती तं मेणबत्ती, पण लावली." आणि लगेच म्हणाल्या, "प्रभाकरले सांगू नको. त्याले वाटन माह्यं मन लागून नाई राह्यलं."

मालकाला न विचारता त्याच्या घरात काही चालवायचं नाही, हा आमचा नियम. तो मी मोडला. रोज संध्याकाळी वर्ध्याच्या माझ्या घरी, बायको देवापुढं दिवा लावायची त्याच वेळी, मी फोन काढून अल्लीपूरचा अंगणातला दिवा लावत होतो. सकाळी उठलो की विझवत होतो. बायकोनं विचारलं तेव्हा तिला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तीच आठवण करू लागली.

पण माझी चावी महिनाअखेर बंद होणार होती. पुढं काय? शेवटी साहेबांना फोन केला. म्हटलं, साहेब, तुमची परवानगी न घेता एक गोष्ट केली आहे. ते म्हणाले, माहीत आहे.

"अंगणातला दिवा लागला की माझ्या फोनवर दिसतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी वाटलं काहीतरी बिघडलंय. मग लक्षात आलं, रोज दिवेलागणीलाच लागतो. मीटिंगमध्ये असलो तरी त्या वेळेला फोन उलटा करून पाहतो. लागला की बरं वाटतं. आईला सांगू नका. तिला वाटेल, मलाच इथं करमत नाही."

मी दोघांपैकी कोणालाही काही सांगितलं नाही. एकाच घरात राहणारी दोन माणसं, मी त्यांच्यामध्ये काय बोलणार? साहेबांच्या परवानगीनं पेटीत एक सूचना भरून ठेवली. अंगणातला दिवा सूर्यास्ताला लागावा, सूर्योदयाला विझावा. अल्लीपूरचा सूर्य रोज केव्हा मावळतो, ते पेटीला गाव सांगितलं की कळतं. थंडीत लवकर, उन्हाळ्यात उशिरा. नोकरीतलं ते माझं शेवटचं काम. मावशींना फोन करून सांगितलं की आता माझी गरज नाही, दिवा आपोआप लागेल. त्यांनी विचारलं, अन् ढगाळ असलं तं? म्हटलं, तेवढं नाही कळत त्याले. म्हणाल्या, चालते.

निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात मी एकदा अल्लीपूरला गेलो. कोणाचं बोलावणं नव्हतं, बरोबर हत्यारांची पिशवीही नव्हती. सूर्य मावळायला थोडा वेळ होता. फाटकाच्या बाहेर गाडी लावून उभा राहिलो. अंगणात निंबाचा पाला साचला होता. दिवा लागला तशी शेजारच्या घरातून सुमनबाई बाहेर आल्या आणि मला पाहून थबकल्या. म्हणाल्या, लाइट लागला का रोज एक डाव बाहेर येऊन पाहतो, पारबताबाई आली असन तं. मग म्हणाल्या, आले तं चहा घेऊन जा.

त्यांनी किल्ली आणून फाटक उघडून दिलं. मी मावशींना फोन लावला. कुठं आहे ते सांगितलं. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. निंबाचा पाला झाडला का कोणी. मागच्या दाराची कडी लागली आहे का. सुमनच्या बकरीला पिल्लं झाली का. पायरीवर उजेड पडते का नीट. मी फिरून पाहत होतो आणि सांगत होतो. पडते, मावशी, चांगला पडते. त्यांचे प्रश्न संपले तरी त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही नाही. मागून पुण्याच्या कुकरची शिटी ऐकू येत होती.

"घाई नसन तं बस थोडा येळ," त्या म्हणाल्या. "त्या लाइटाखाली."

"मले कायची घाई, मावशी," म्हटलं, आणि पायरीवर बसलो.